ग्रीसच्या ११ रात्री: कुठली बेटं घ्यायची, कुठली सोडायची आणि आईंना काय झेपेल

तुम्ही कळवलंय ते असं: पुण्याहून चौघं निघताय. तुम्ही दोघं, सातवीतली मुलगी आणि ६८ वर्षांच्या आई. आईंचे गुडघे दुखतात, घर पूर्ण शाकाहारी. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून ११ रात्री हातात आहेत. यादीत अथेन्स, मेटेओरा, मिकोनोस, सँटोरिनी, क्रीट आणि ऱ्होड्स. हे सगळं बसेल का, की काही गाळावं?

गाळावं. निम्म्याहून जास्त गाळावं. ग्रीसच्या सहली आखण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. ज्यांनी सहा ठिकाणं केली ते परत येऊन बंदरांबद्दल बोलतात आणि ज्यांनी तीन केली ते गावांबद्दल बोलतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहत आलोय. नकाशावर बेटं एकमेकांना खेटून दिसतात, पण बेट बदलायचं म्हणजे एक दिवस जातो. सकाळी खोली सोडायची, सामान घेऊन बंदरावर जायचं, बोटीची वाट पाहायची, तीन-पाच तास प्रवास, आणि नवी खोली मिळते दुपारी तीनला. शिवाय ऱ्होड्स तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ आहे. अथेन्सच्या पिरेअस बंदराहून साध्या बोटीने तिथे पोचायला अख्खी रात्र मोडते. क्रीट तर जवळजवळ २६० किलोमीटर लांब आहे. कनॉसोस, हानियाचं जुनं बंदर आणि समारियाची घळ दोन दिवसांत उरकणं शक्य नाही. क्रीट स्वतंत्र सहलीचा विषय आहे आणि ती सहल तुम्ही पुढे जरूर करा.

बेटं निवडताना फोटो बाजूला ठेवा आणि बोटीचा मार्ग बघा. ग्रीसची बेटं गटागटांनी आहेत. पश्चिमेला आयोनियन समुद्रात कॉर्फू, केफालोनिया, झाकिन्थोस. अथेन्सच्या जवळ सारोनिक गटातली एजिना, इड्रा, पोरोस. एजियनच्या मधोमध सायक्लेड्स, आणि आग्नेयेला ऱ्होड्स, कोस, पॅटमोस असलेला डोडेकॅनीज गट. एका गटातून दुसऱ्यात उडी मारायची तर बहुतेक वेळा अथेन्सला परत यावं लागतं. पण पिरेअस–पारोस–नाक्सोस–सँटोरिनी ही एकाच बोटीची ओळ आहे. तुमची सहल या ओळीवर बसवा.

माझी मांडणी अशी: अथेन्स ३ रात्री, नाक्सोस ४, सँटोरिनी २, आणि विमानाने परत येऊन अथेन्स २. पहिल्या आणि शेवटच्या मुक्कामाला अथेन्समधलं एकच हॉटेल घ्या. मोठ्या बॅगा तिथेच ठेवता येतात आणि बेटांवर हलक्या हाताने जाता येतं. बोटीच्या जिन्यांवर आईंसोबत चढताना याचं महत्त्व लगेच कळेल.

शेवटच्या दोन रात्री अथेन्समध्ये ठेवण्यामागे वाऱ्याचं कारण आहे. एजियन समुद्रावर उन्हाळ्यात उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा वाहतो. जुलै-ऑगस्टमध्ये त्याचा जोर सर्वांत जास्त. आकाश निळंशार, ऊन लख्ख आणि समुद्र मात्र खवळलेला, असा तो कोरडा वारा असतो. बोफर्ट या वाऱ्याच्या जोराच्या मापावर साधारण ८ पर्यंत वारा चढला की तटरक्षक दल मोठ्या बोटींनाही बंदर सोडू देत नाही. वेगवान छोट्या बोटी त्याच्या आधीच थांबतात. मेअखेरीस धोका कमी असतो, पण शून्य नसतो. बोट रद्द झाली तर पैसे परत मिळतात किंवा पुढच्या बोटीचं तिकीट मिळतं. मुंबईचं विमान मात्र थांबत नाही. म्हणून बेटावरून थेट परतीचं विमान पकडायचा बेत कधीही आखू नका.

बोट कुठली घ्यावी हेही सांगतो. नाक्सोसला जाताना मोठी, साधी, गाड्या वाहून नेणारी बोट घ्या. पिरेअसहून पाच तासांच्या थोडं वर लागतात. वेगवान बोटीने तासा-दीड तासाची बचत होते, पण तिकीट महाग पडतं, उघड्या डेकवर बसायला मिळत नाही आणि लाटा असल्या की ती जास्त हलते. बोट लागण्याचा त्रास असेल तर मोठ्या बोटीत मधल्या भागात बसा.

मोठ्या बोटीत चढणं हा प्रकार पहिल्यांदा गोंधळात टाकतो, म्हणून जरा तपशिलात सांगतो. बोट बंदरात येऊन वळते, नांगर टाकते आणि मागच्या मागे धक्क्याला लागते. मागचा प्रचंड लोखंडी दरवाजा साखळ्यांवरून खाली येतो, आणि त्याच एका उतारावरून ट्रक, मोटारी, स्कूटरी आणि माणसं सगळी आत-बाहेर करतात. कर्मचारी शिट्ट्या मारत, ओरडत असतात; ते तुमच्यावर चिडलेले नसतात, त्यांना काही मिनिटांत बोट रिकामी करून भरायची असते. आत शिरल्याबरोबर बाजूला बेटांच्या नावांचे कप्पे दिसतात. नाक्सोसच्या कप्प्यात बॅगा ठेवा; पासपोर्ट, औषधं आणि पैसे अंगावरच्या पिशवीत घ्या. वर जायला जिने असतात, मोठ्या बोटींवर सरकते जिने किंवा लिफ्टही असते. आईंसाठी क्रमांक असलेली आरामखुर्चीची जागा आधीच घ्या, थोडेच पैसे जास्त पडतात. उतरताना आपल्या बेटाची घोषणा झाली की लगेच खाली गॅरेजमध्ये जाऊन उभं राहा. बोट धक्क्याला लागल्यावर उठणाऱ्यांची तारांबळ उडते.

पिरेअस बंदर अवाढव्य आहे आणि त्याला अनेक दरवाजे आहेत. आपली बोट कुठल्या दरवाजाची आहे हे आदल्या दिवशी पाहून ठेवा. मेट्रोची निळी लाइन २०२२ पासून विमानतळावरून थेट पिरेअसला जाते. पण भल्या सकाळची बोट, सोबत आई आणि बॅगा असताना टॅक्सीने दरवाजापर्यंत जा. तिथे पैसे वाचवू नका.

आता नाक्सोस. मिकोनोस गाळून मी तुम्हाला इथे चार रात्री का सांगतोय? सायक्लेड्समधलं हे सर्वांत मोठं बेट आहे, आणि पर्यटनाच्या आधीपासून शेतीवर उभं राहिलेलं आहे. इथले बटाटे देशभर प्रसिद्ध आहेत, ग्राव्हिएरा चीज इथलंच. त्यामुळे जेवण चांगलं आणि भाव सँटोरिनी-मिकोनोसच्या मानाने माणुसकीचे. आयोस प्रोकोपिओस आणि आया आना हे किनारे वाळूचे आणि सुरुवातीला उथळ, मुलीला समुद्रात मनसोक्त खेळता येईल. मेअखेरीस पाणी गार असतं, कोकणासारखं कोमट नसतं, एवढं तिला आधी सांगून ठेवा. खुर्ची-छत्रीचे पैसे पडतात, पण ग्रीसमध्ये समुद्रकिनारे सार्वजनिक आहेत. आपला टॉवेल टाकून बसायला कुणाची परवानगी लागत नाही.

बंदरात शिरतानाच डावीकडे एका छोट्या टेकाडावर संगमरवराची एक एकटी चौकट उभी दिसते. ती पोर्तारा. इ. स. पू. सहाव्या शतकात लिग्डामिस नावाच्या सत्ताधीशाने अपोलोचं प्रचंड मंदिर बांधायला घेतलं, त्याची सत्ता गेली आणि काम तिथेच थांबलं. पुढे बाकीचे दगड लोकांनी वाड्यांसाठी, किल्ल्यासाठी उचलून नेले. चौकटीचे चिरे इतके अवजड की ते कुणाला हलवता आले नाहीत. एक बांधीव वाट समुद्रातून तिथवर जाते आणि चढ अगदी थोडा आहे, आई आरामात पोचतील. सूर्यास्ताला गर्दी होते, पण सकाळी सातला जा. हात लावून पाहा. संगमरवराचे कण साखरेसारखे ठसठशीत दिसतात, आणि कडेला दगडाची मूठ ठेवलेली आढळते. उचलायला सोपं जावं म्हणून पाथरवटांनी ठेवलेल्या या मुठी काम संपल्यावर तासून काढायच्या असत. इथे काम संपलंच नाही, म्हणून त्या राहिल्या. सातवीतल्या मुलीला इतिहास आवडायला लावायचा असेल तर अशा दगडापासून सुरुवात करा.

एक दिवस गाडी भाड्याने घेऊन बेटाच्या आत जा. भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, तो पुण्यातल्या आरटीओतून निघण्याआधीच काढा. सांग्रीजवळ शेतांच्या मधोमध देमेतेरचं मंदिर आहे. देमेतेर म्हणजे धान्याची, शेतीची देवी. हाल्की आणि आपेरान्थोस ही जुनी गावं पाहा. आपेरान्थोसच्या गल्ल्यांत संगमरवराची फरसबंदी आहे, दुपारी तिथे एखाद्या चौकात बसून कॉफी घ्या आणि आईंना बसू द्या. चारचाकी क्वाड बाइक मात्र घेऊ नका. घाटांतल्या वळणांवर त्या उलटतात आणि विम्याच्या कागदावर बहुधा त्या वगळलेल्या असतात.

मिकोनोसला जाण्यासारखं माझ्या मते एकच मोठं कारण आहे, आणि ते म्हणजे शेजारचं डीलोस बेट. ग्रीक पुराणकथांतल्या अपोलो आणि आर्टेमिस या देवतांचं जन्मस्थान. इ. स. पू. ४२६ मध्ये अथेन्सकरांनी या बेटावरच्या कबरी हलवल्या आणि पुढे इथे कुणी जन्मू नये, कुणी मरू नये असा नियम केला. आजही तिथे पर्यटकांना रात्री राहता येत नाही. हंगामात नाक्सोसहूनही दिवसभराच्या बोटी तिथे जातात. बेटावर सावली जवळजवळ नाही आणि वाटा खडबडीत आहेत, तेव्हा तुम्ही आणि मुलगी जा. आईंना त्या दिवशी नाक्सोसच्या किनाऱ्यावर निवांत राहू दे.

सँटोरिनीला दोन रात्री पुरे. हे बेट सुंदर आहे यात शंका नाही. सुमारे ३,६०० वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर बेटाचा मधला भाग खचून समुद्र आत शिरला, आणि उरलेल्या कड्यावर पांढरी गावं बसली. बोट त्या कड्यांच्या मधून आत शिरते तेव्हा सगळे डेकवर धावतात, तुम्हीही धावा. पण गर्दी मोठी असते. क्रूझ जहाजं दिवसा हजारो माणसं उतरवतात. २०२५ च्या फेब्रुवारीत भूकंपाच्या धक्क्यांची मालिका झाली तेव्हा हजारो लोक बेट सोडून गेले होते; पुढे बेट पुन्हा सुरळीत झालं, तरी निघण्याआधी ताज्या सूचना पाहून ठेवा.

आईंसाठी इथली खरी अडचण पायऱ्यांची आहे. कड्यावरची फोटोतली हॉटेलं रस्त्यापासून खाली उतरत जातात. पन्नास-साठ पायऱ्या, तीव्र उतार आणि कठड्याची खात्री नाही. बुकिंगच्या आधी हॉटेलला एकच प्रश्न लिहून विचारा: रस्त्यापासून खोलीपर्यंत किती पायऱ्या? उत्तर लेखी घ्या. फिरोस्तेफानीत रस्त्यालगतची खोली मिळाली तर उत्तम, नाहीतर कामारी हे सपाट गाव पकडा. इआ गावाचा सूर्यास्त पाहायला सगळं जग एका टोकाला गोळा होतं. इमेरोविग्लीहून तोच सूर्य दिसतो आणि बसायला जागाही मिळते.

आणि सँटोरिनीत अक्रोतिरी चुकवू नका. पुरातत्त्वज्ञ स्पिरिडॉन मारिनातोस यांनी १९६७ मध्ये इथे पद्धतशीर उत्खनन सुरू केलं आणि राखेखालून अख्खं कांस्ययुगीन शहर वर आलं. दुमजली-तिमजली घरं, जिने, सांडपाण्याची गटारं, धान्याचे रांजण. माणसांचे सांगाडे मात्र मिळाले नाहीत. धक्के सुरू झाल्यावर लोक आधीच निघून गेले असावेत. हे सगळं छपराखाली आहे, उन्हाचा त्रास नाही, आणि लाकडी मार्गावरून आई सावकाश चालू शकतील. तिथे सापडलेली काही भित्तिचित्रं फिरा या मुख्य गावातल्या प्रागैतिहासिक थेरा संग्रहालयात आहेत. त्यांतलं निळ्या वानरांचं चित्र मुलीला दाखवा. ती खडकांवर चढतायत आणि त्यांच्या लांब शेपट्या वर वळलेल्या आहेत. वानरांचा अभ्यास करणाऱ्यांनी ते चित्र बारकाईने पाहून ती लंगूर असावीत असं मत मांडलंय. लंगूर म्हणजे भारतीय उपखंडातला प्राणी, आपल्या सिंहगडावरही दिसणारा. साडेतीन हजार वर्षांपूर्वी एजियन समुद्रातल्या चित्रकाराला तो कसा ठाऊक झाला, याचा विचार करत तिथे थोडा वेळ उभं राहावं असं मला नेहमी वाटतं.

अथेन्समध्ये अक्रोपोलिससाठी, म्हणजे प्राचीन मंदिरांच्या टेकडीसाठी, वेळ ठरवून तिकीट घ्यावं लागतं. २०२५ च्या एप्रिलपासून ते ३० युरो झालंय. सकाळी आठची वेळ घ्या. चढावरचा संगमरवर लाखो पावलांनी गुळगुळीत झालाय, तेव्हा चांगली पकड असलेले बूट हवेतच, चपला नकोत. आईंना चढ झेपणार नसेल तर उत्तरेच्या कड्याला लिफ्ट आहे. ती चालायला त्रास असणाऱ्यांसाठीच आहे आणि जोराच्या वाऱ्यात बंद ठेवतात. प्रवेशाजवळच्या कर्मचाऱ्यांना सांगा. कडक उष्णतेच्या लाटेत अक्रोपोलिस दुपारी काही तास बंद करतात, हेही सकाळी जाण्याचं कारण.

वर पार्थेनॉन पाहताना लक्षात असू द्या की इ. स. पू. ४४७ ते ४३२ एवढ्या अवधीत उभं राहिलेलं हे मंदिर दोन हजार वर्षं बऱ्यापैकी धड होतं. १६८७ मध्ये तुर्कांनी आत दारूगोळा साठवला होता आणि व्हेनिसच्या तोफेचा गोळा त्यावर पडून स्फोट झाला. मग एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिनने शिल्पं इंग्लंडला नेली. खालच्या अक्रोपोलिस संग्रहालयात मूळ शिल्पांशेजारी, लंडनमध्ये असलेल्या तुकड्यांच्या जागी पांढऱ्या प्लास्टरच्या प्रतिकृती बसवल्या आहेत. सहापैकी पाच कॅरिॲटिड, म्हणजे खांबाच्या जागी उभ्या असलेल्या स्त्रिया, इथे आहेत आणि सहावीची जागा रिकामी सोडली आहे. हे संग्रहालय दुपारसाठी ठेवा: गारवा, लिफ्ट, बाकं, सगळं आहे. दुसऱ्या सकाळी प्राचीन अगोरा, म्हणजे जुना बाजारचौक, आणि वेळ उरला तर केरामेइकोस ही प्राचीन दफनभूमी. तिथे गर्दी फार नसते.

शेवटच्या दोन रात्रींमधला मोकळा दिवस गाडी-चालक ठरवून पेलोपोनीज या दक्षिणेकडच्या द्वीपकल्पाला द्या. वाटेत कॉरिंथचा कालवा, मग एपिडॉरसचं इ. स. पू. चौथ्या शतकातलं नाट्यगृह, आणि दुपारी नाफ्प्लिओ. एपिडॉरसला मुलीला वरच्या रांगेत पाठवा आणि तुम्ही मधल्या गोल दगडावर उभं राहून साध्या आवाजात तिच्याशी बोला, म्हणजे वरपर्यंत किती ऐकू येतं ते कळेल. नाफ्प्लिओ ही आधुनिक ग्रीसची सुरुवातीची राजधानी, १८३४ मध्ये ती अथेन्सला हलली. जुनं गाव खालच्या भागात सपाट आहे. उंच खडकांवरच्या मठांचं मेटेओरा या खेपेला नको: जाऊन-येऊन दिवस खर्ची पडतो आणि मठांना पायऱ्या फार. कधी उत्तरेतल्या थेसालोनिकी शहराकडे गेलात तर जोडून घ्या.

शाकाहाराची काळजी करू नका. ग्रीक जेवणात तेलात शिजवलेल्या भाज्यांचा मोठा विभाग असतो, त्याला लादेरा म्हणतात. ब्रियाम म्हणजे तेलात भाजलेल्या मिश्र भाज्या, गिगान्तेस म्हणजे मोठ्या पांढऱ्या घेवड्याच्या जातीच्या बिया टोमॅटोत शिजवलेल्या, भात भरलेले टोमॅटो म्हणजे येमिस्ता, पालकाची स्पानाकोपिता. येमिस्तात कधी खिमा असतो, म्हणून "होरीस क्रेआस", मांसाशिवाय, असं विचारून घ्या. उपवासाचे पदार्थ म्हणून निस्तीसिमा दाखवतील. त्यात मांस, दूध, अंडी नसतात, पण ऑक्टोपस आणि कोळंबी चालते. तेव्हा नुसतं उपवासाचं म्हणून घेऊ नका. फेटा आणि ग्राव्हिएरात अनेकदा प्राणिजन्य रेनेट, म्हणजे दूध गोठवणारा पदार्थ, असतं. आईंना ते चालतं का, हे घरीच ठरवा. सँटोरिनीची फावा मात्र त्यांना नक्की द्या. पिवळी डाळ घट्ट शिजवून, घोटून, वर ऑलिव्ह तेल, कांदा आणि लिंबू. चवीला आपल्या घट्ट वरणासारखी. आणि ती डाळ विदर्भातल्या लाखोळीच्याच लॅथिरस वंशातली आहे.

तारखांबद्दल. मेचा शेवटचा आठवडा तुम्ही उत्तम निवडलाय. एक मेला आणि ऑर्थोडॉक्स ईस्टरच्या रविवारी पुरातन स्थळं बंद असतात. हा ईस्टर आपल्या कॅलेंडरातल्या ईस्टरपेक्षा बऱ्याचदा वेगळ्या दिवशी येतो; २०२७ मध्ये तो २ मे रोजी आहे, तेव्हा सुट्टीच्या सुरुवातीला जाणाऱ्यांनी सांभाळा. पंधरा ऑगस्टला मेरीचा मोठा सण असतो, तिनोस बेटावर भाविक बंदरापासून देवळापर्यंत गुडघ्यांवर रांगत जातात, आणि त्या आठवड्यात बोटींना जागा मिळणं कठीण. दिवाळीच्या सुट्टीत बेटांवरची बरीच हॉटेलं बंद झालेली असतात. त्या वेळी कुणी विचारलं तर मी अथेन्स, नाफ्प्लिओ आणि थेसालोनिकी सुचवतो.

किरकोळ पण उपयोगी: २०२५ पासून एप्रिल ते ऑक्टोबर तीन तारांकित हॉटेलला दर खोलीमागे रात्री ५ युरो आणि चार तारांकितला १० युरो कर वेगळा पडतो, तो तिथेच भरायचा. अथेन्सचं नळाचं पाणी पिण्यासारखं आहे, सायक्लेड्समध्ये बाटलीचं प्या. कागद कमोडमध्ये न टाकता शेजारच्या डब्यात टाकायचा. पाइप अरुंद असल्याने सगळीकडे तशी पाटी असते.

बुकिंगचा क्रम असा ठेवा. विमानाच्या तारखा ठरल्या की रद्द करता येणारी हॉटेलं घ्या आणि लगेच शेंगेन व्हिसाच्या अपॉइंटमेंटमागे लागा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, मोठ्यांसाठी शुल्क ९० युरो, आणि निदान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. आईंच्या गुडघ्यांचं, रक्तदाबाचं जे काही असेल ते विम्याच्या अर्जात स्पष्ट लिहा. उन्हाळ्यातल्या व्हिसा अपॉइंटमेंटच्या तारखा मुंबईत लवकर संपतात. व्हिसा हातात आल्यावर सँटोरिनी–अथेन्स विमान, मग बोटींची तिकिटं, आणि सर्वांत शेवटी अक्रोपोलिसची सकाळी आठची वेळ.